उतरायला अकरा सेकंद

ही गोष्ट तुम्हाला खोटी वाटणार, पैजेवर सांगतो. आजवर बावीस जणांना सांगितली, बावीसही जण हसले. एकाने तर अर्धा चहा टाकून रिक्षा पकडली. तर ऐका.

साल शहाण्णव. मल्लेश्वरमात कॉफी दळणाऱ्या दुकानाच्या माडीवर एक छोटी कंपनी होती. वजनकाटे संगणकाला जोडून द्यायचे, हा धंदा. संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यांनी घरचाच केलेला. आणि काटा नि कर्नल यांच्यातला दुभाष्या तो ड्रायव्हर. तो आप्पाजीने लिहिलेला. आप्पाजी श्रावणात गेला. पोटाचा आजार. मागे बायको आणि तीन वर्षांची रक्षिता.

धाकटा भाऊ उपेंद्र त्याच खोलीत, पलीकडच्या टेबलाशी बसायचा. शेवटच्या महिन्यातही आप्पाजी धापा टाकत जिना चढायचा, कोपऱ्यातल्या नमुन्याच्या काट्यावर उभा राहायचा आणि म्हणायचा, "बघ रे उप्या, माणसं खोटं बोलतात, आपला काटा नाही." शेवटचा आकडा अडतीस पॉइंट चार.

दसऱ्याच्या सुमारास मालक नरसिंहरावांनी उपेंद्रला बोलावलं. "तुमच्या अण्णाचं कोड म्हणजे रान माजलंय हो. अकराशे ओळी! तीनशेत बसवा. सोमवारी यशवंतपूरच्या बाजाराला काटा द्यायचाय."

उपेंद्र छाटत गेला. एकच काम तीन ठिकाणी लिहिलेलं, ते एका ठिकाणी आणलं. जुन्या, बंद पडलेल्या काट्यांच्या ओळी उडवल्या. मग एक तुकडा आला. प्रत्येक वजनानंतर ड्रायव्हर अकरा सेकंद नुसता वाट बघायचा, मगच शून्य धरायचा. वर अण्णाची टीप: 'स्वल्प थांब. उतरू दे.'

कुणाला उतरू दे? उपेंद्र पडला माडीवर बसणारा. यशवंतपूरचा हमाल पाठीवरचं पोतं टाकायला स्वतःच काट्यावर चढतो, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. अण्णाने पाहिलं होतं. उपेंद्रने तुकडा उडवला.

शनिवारी दुपारी चाचणी. पाच किलोचं माप ठेवलं. पाच. माप उचललं. आकडा शून्यावर यायच्या ऐवजी वर गेला.

अडतीस पॉइंट चार.

काट्यावर काही नव्हतं.

दुरुस्तीचं बघणारा दयानंद डबा खात होता. "सरी, बघतो, वायर सैल असेल," म्हणत उठला. वायर बदलली. मग आतून खोक्यातला कोरा काटा आणून जोडला. माप ठेवलं, उचललं. अडतीस पॉइंट चार.

"आकडा हलतोय बघा," दयानंद हळूच म्हणाला. पॉइंटनंतरचा चार, पाच, पुन्हा चार.

"मग?"

"पोतं असं हलत नाही सर. माणूस हलतो. श्वास घेतो ना तो."

डबा तसाच टाकून तो जिना उतरला. उष्ट्या हाताने.

खालून भाजलेल्या कॉफीचा वास येत होता. उपेंद्र वाकला. काट्यावरच्या रबरी चटईत दोन खळगे पडले होते, शेजारी शेजारी. डावा खोल, उजवा उथळ. शेवटी शेवटी अण्णा सगळा भार डाव्या पायावर घ्यायचा.

"अण्णा?"

चार. पाच. चार.

असा काटा बाजाराला देता येणार नव्हता. आणि त्या ओळी परत घातल्या, की अण्णा उतरणार.

उपेंद्र संध्याकाळपर्यंत नुसता बसून राहिला.

मग त्याने ओळी परत घातल्या. माप ठेवलं, उचललं. सेकंद मोजले. अकराव्याला शून्य. चटई सपाट झाली. त्याने टेबलावर डोकं टेकलं. सोमवारी काटा बाजारात गेला. संपली गोष्ट.

"खोटं!"

दारात रक्षिता उभी होती, आता तेहतीस वर्षांची. हातात झाडू.

"बाजाराच्या काट्यात घातल्या असतील ओळी, काका. कंपनी बंद झाल्यावर नमुन्याचा काटा नि संगणक तुम्ही घरी आणलात, त्यात नाही घातल्या. मागची खोली झाडताना मी आज त्यावरचं गोणपाट उचललं. वीज गेली की बॅटरी लावायला तुम्ही तिकडे का धावता, ते आत्ता कळलं मला."

तिने झाडू भिंतीला टेकवला.

"आकडा अजून हलतोय. तीस वर्षं उभे आहेत बाबा."