मागची जागा

रविवार होता आणि काम साधंच होतं. एक जुनी मोटारसायकल बघायला जायचं, पटली तर आणायची, नाही पटली तर चहा पिऊन परत यायचं. शंकोबा निघाला तो वस्तादाला बरोबर घेऊनच निघाला. वस्ताद म्हणजे गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेला मेकॅनिक. एकट्याने खरेदीला जाणं म्हणजे फसायला आपणहून आमंत्रण, असं शंकोबाचं ठाम मत.

शंकोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायचा. संशय मात्र असा हाडीमाशी खिळलेला, की भाजीवाल्याने प्रेमाने एक लिंबू वर टाकलं तरी हा घरी येऊन ते उलटंपालटं करून बघणार, किडकं तर नसेल? नाव धाकट्या बहिणीने ठेवलं आणि गल्लीने उचललं.

ह्या बहिणीला तो छोटी म्हणायचा. आईवडील गेल्यापासून दोघांचं जग दोघांपुरतंच. खडीच्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक तोलायचा काटा आहे, तिथल्या काचेच्या केबिनमध्ये ती कामाला होती. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी स्वतः काट्यावर उभी राहायची आणि घरी येऊन तक्रार करायची, की आज पण सिमेंटच्या एका गोणीपेक्षा जास्त भरले नाही. "आमची गोणी आली!" असं शंकोबा रोज ओरडायचा आणि रोज पाठीत धपाटा खायचा.

एका संध्याकाळी गोणी धापा टाकत आली. चेहरा पांढराफटक. "दादा, रस्त्यात कुणीतरी मागून चालत होतं. मी थांबले की थांबायचं... मी वळून बघितलंच नाही."

त्या दिवसापासून ह्याच्या घशाखाली घास उतरेना. गाडी घ्यायची, रोज तिला आणायला जायचं, तिला त्या रस्त्याने पायी चालू द्यायचं नाही. बस्स.

गाडी विकणाऱ्या काकू एकट्याच राहत होत्या. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये जुन्या पडद्याखाली झाकलेली मोटारसायकल. पडदा ओढला तशी शिळ्या पेट्रोलची आणि उंदरांच्या लेंड्यांची वाफ नाकात गेली. टाकी गंजलेली, सीट फाटलेली, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने घर केलेलं. वस्तादाने उकिडवं बसून खालून वरून हात फिरवला आणि तो खूश झाला. "हाडं चांगली आहेत हिची. मांस आपण चढवू."

काकूंनी किंमत सांगितली तेव्हा वस्तादाच्या तोंडाला पाणी सुटलं आणि शंकोबाच्या कपाळाला आठी पडली. इतकी स्वस्त? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

"अपघात झालाय का काकू?"

"नाही हो. आमचे हे फार जपायचे तिला."

शंकोबाने दोन्ही चाकांना दोरी लावून बघितली. सरळ. इंजिनवरचा नंबर कागदाशी ताडून बघितला. बरोबर. खटकण्यासारखी एकच गोष्ट सापडली. मागे बसणाऱ्याने पाय ठेवायच्या दोन्ही फूटरेस्ट वर दुमडलेल्या होत्या आणि तांब्याच्या तारेने गाडीच्या सांगाड्याला करकचून बांधलेल्या होत्या. विळख्याला विळखा चिकटवून, अगदी मन लावून.

"तुम्ही एकटेच बसणार ना गाडीवर?" काकूंनी एकदम विचारलं.

आता इथे सरळ सांगावं की नाही, की मागे बहीण बसणार आहे? पण शंकोबाचा नियम होता, विकणाऱ्यापुढे गरज दाखवायची नाही. गरज दिसली की भाव चढतो. "एकटाच," तो म्हणाला.

"मागे कुणी...?"

"छे! कोण बसतंय?"

काकूंनी सोडलेला श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला. बाई मागच्या टायरमधला दोष लपवते आहे, एवढाच अर्थ त्याने त्या श्वासाचा घेतला. संशयी माणसाचं हेच दुर्दैव बघा, जिथे संशय घ्यायचा तिथे नेमका चुकीचा घेतो.

मग सुरू झालं गाडीचं बाळंतपण. दुकान सुटलं की शंकोबा गॅरेजमध्ये हजर. टाकीत रॉकेल आणि मूठभर नटबोल्ट घालून दोघांनी ती मिठी मारून हलवली, तेव्हा आतून चहासारखं तांबडं पाणी निघालं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक झाला होता, तो सुईने कोरून काढला. नवी चेन, नवे टायर, नवी सीट. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा शंकोबाने चक्क वस्तादाच्या तेलकट गालाचा मुका घेतला. आयुष्यातली पहिली गाडी होती हो त्याची!

फूटरेस्टशी आल्यावर मात्र वस्ताद थांबला. "हे मी नाही सोडणार. एका विळख्यात भागलं असतं, तिथे हा माणूस तासभर बसलाय. कशासाठी?"

"मग छोटीने पाय कुठे ठेवायचे, माझ्या डोक्यावर?" असं म्हणून शंकोबाने पक्कड उचलली आणि तार कापली. दोन्ही फूटरेस्ट टक् टक् करून खाली पडल्या. पाठोपाठ गाडीची मागची स्प्रिंग कुरकुरली आणि सीट बोटभर खाली बसली. ती वर आली नाही.

"शॉकअपमध्ये तेल नसेल," वस्ताद म्हणाला. पण म्हणताना त्याने शंकोबाकडे बघितलं नाही.

गाडी घरी आली आणि शंकोबाची झोप गेली. गाडी जड चालायची. चढावर दम टाकायची, वळणावर मागून ओढल्यासारखी व्हायची. वस्तादाने जुन्याच स्प्रिंगा रंगवून टाकल्या असणार! ह्याने भांडण काढलं. वस्तादाने चिडून त्याच्यादेखत कोऱ्या स्प्रिंगा बसवल्या. त्याही बोटभर दबल्या. मग नवीनच तऱ्हा. संध्याकाळी दुमडून ठेवलेल्या फूटरेस्ट सकाळी उघडलेल्या असायच्या. रात्री गाडी कोण पळवतंय? शेजारी? की किल्लीची नक्कल करून वस्तादच? शंकोबाने चाकाला साखळी घातली, वरून शिवणाचा दोरा बांधला. सकाळी साखळी शाबूत, दोरा शाबूत, आणि फूटरेस्ट उघड्या. वाकून बघितलं तर त्यांच्यावरचे नवेकोरे रबर मधोमध झिजून गुळगुळीत झाले होते. आणि मागच्या सीटवर तर अजून कुणी बसलंसुद्धा नव्हतं! गाडीची खात्री पटल्याशिवाय छोटीला बसवायचं नाही, असं त्यानेच ठरवलं होतं.

"दादा, डोकं कशाला पिकवतोस?" छोटी म्हणाली. "आण की काट्यावर. वस्तादाने वजनात काय घोळ घातलाय ते काटाच सांगेल. काट्याला तुझ्यासारख्या शंका येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरता उतरता तो तिथे पोचला. ट्रक संपले होते. खाणीकडून खडीची धूळ आणि जळक्या डिझेलचा वास येत होता. गाडी लोखंडी पाट्यावर घेतली तसा पाटा खालून घुमला. केबिनच्या वर लाल आकड्यांचा बोर्ड लागला. छोटी काचेआडून बघत होती. तिचा आवाज भोंग्यातून आला.

"आता उतर. नुसती गाडी बघू."

तो पाट्यावरून उतरून बाजूला झाला.

"अरे, उतर ना."

"उतरलोय! दिसत नाही का?"

भोंगा नुसताच खरखरला. मग हलक्या आवाजात, "दादा... गाडीवर काही सामान आहे?"

"नाही."

"मग कागदावरच्या वजनापेक्षा एक गोणी जास्त का दाखवतोय?"

काटा बिघडला असेल म्हणून त्याने गाडी खाली घेतली. बोर्डावर शून्य. पुन्हा वर घेऊन कडेला लावली आणि उतरला. पुन्हा एक गोणी जास्त. मग पाट्याबाहेरूनच वाकून त्याने दोन्ही फूटरेस्ट वर दुमडल्या आणि दोन्ही हातांनी दाबून धरल्या. लाल आकडे हळूहळू उतरले. सीट बोटभर वर आली.

"आता बरोबर आहे," भोंगा म्हणाला. "काय केलंस रे?"

त्याने हात सोडले. टक्... टक्. सीट दबली. आकडे पुन्हा चढले.

त्या दिवशी गाडी काट्यावरच कुलपात ठेवून दोघं हात धरून पायी घरी आली.

सकाळी शंकोबा काकूंच्या दारात. त्याला बघताच काकू मटकन खाली बसल्या. "सोडलीत ना तार? एकटाच बसणार म्हणालात हो तुम्ही!"

"कोण आहे ते?"

"काय माहीत. ह्यांनी पण ती कुठूनतरी जुनीच आणली होती. लोक म्हणायचे, माणूस माणूसघाणा आहे, कुणाला मागे बसवत नाही. तसं नव्हतं हो. मागे जागाच नसायची." काकूंनी पदर तोंडावर धरला. "शेवटी ह्यांनी तार बांधली. तार असली की गाडीवर बसत नाही ते."

"मग झालं तर!"

"ऐका तरी. गाडीवर नाही बसत. पण आमचे हे त्यानंतर... काडीसारखे झाले होते, आणि खुर्ची मोडली त्यांची. बसल्या बसल्या मोडली. अहो, तार बांधताना जवळ कुणी..."

पण शंकोबा एव्हाना फाटकापाशी पोचला होता. बाई बोलण्यात गुंतवून गाडी परत मागणार, ह्याचा त्याला वास आला होता. तार असली की बसत नाही, एवढं त्याला पुरेसं होतं.

संध्याकाळी काट्याच्या पाट्यावर गुडघे टेकून त्याने तार बांधली. विळख्याला विळखा चिकटवून, मन लावून, अगदी पहिल्यासारखी. बांधून झाल्यावर पाट्यावरून खाली उतरला आणि त्याने वर बघितलं.

"बरोब्बर!" भोंग्यातून छोटी किंचाळली. "दादा, गेली गोणी! गेली!"

ह्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. गाडी पाट्यावरून खाली रस्त्याला लावून तो ओरडला, "चल आटप, आज महाराणीसारखी नेतो तुला घरी!" पाय लोंबकळते राहतील, राहू देत. एवढाच तर रस्ता.

छोटीने केबिनचा दिवा मालवला आणि नेहमीसारखी पाट्यावरूनच चालत निघाली. बोर्ड अजून चालूच होता. कुणी म्हणेल, आता कशाला बघायचं वर? पण सवय ती सवय. शंकोबाने वर बघितलं.

बोर्डावर दोन गोण्या होत्या.

पाट्याच्या मधोमध छोटी थांबली. मान एका अंगाला कलली होती. "दादा," ती खांदा चोळत म्हणाली, "आज बॅग काय जड लागतेय रे!"

बॅग तिच्या खांद्यावर नव्हती. केबिनच्या काचेआड, खुंटीवर लटकत होती.

पक्कड खिशातच होती. शंकोबाने वेड्यासारखी तार तोडली. बोटं फाटली, रक्त आलं, त्याचं भान नव्हतं. फूटरेस्ट खाली आपटल्या. मागच्या सीटवरची धूळ त्याने बाहीने पुसली आणि हात जोडून म्हणाला, "इथे... इथे बसा. ही जागा तुमचीच. ती पोर आहे हो... तिला सोडा."

बराच वेळ काही झालं नाही. मग मागची स्प्रिंग कुरकुरली आणि सीट बोटभर खाली गेली.

"काय बडबडतोयस?" छोटी म्हणाली. खांदे सरळ झाले होते तिचे. "आणि मी कुठे बसू?"

आजही त्या रस्त्याला दिवेलागणीला उभे राहिलात तर दिसतील. भाऊ रोज बहिणीला आणायला मोटारसायकल घेऊन जातो, आणि दोघं पायी घरी येतात. तो गाडी ढकलत असतो, ती बाजूने चालते. लोक हसतात, म्हणतात, पेट्रोल परवडत नसेल बिचाऱ्याला. गाडी विकून टाक, असं वस्तादाने हजारदा सांगितलं. पण विकली, आणि ते उतरून इथेच राहिलं तर? शंकोबा ऐकत नाही. जड गाडी ढकलून त्याचे दंड पैलवानासारखे झालेत. खड्डा आला की रिकामी सीट दबते, आणि ती दबली की त्याच्या जिवात जीव येतो.

मात्र हल्ली कधीकधी, खाणीचं वळण ओलांडल्यावर, गाडी एकदम हलकी लागते. मग तो जागच्या जागी थांबतो.

"छोटे, खांदा दुखत नाही ना गं?"

"नाही रे दादा. रोज काय तेच ते!" ती म्हणते, आणि बॅग ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते.