मरेंड्याचा अर्धा तास

नेदाची आणि पाश्कोची पहिली भेट झाली तेव्हा नेदा डोक्यापासून पायापर्यंत भिजली होती, आणि आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

नेदा नगरपालिकेच्या उद्यान विभागात माळीण. भल्या सकाळी धक्क्यावरच्या कण्हेरी छाटायला ती खाली बसली होती. मागून रस्ते धुणारी गाडी आली आणि पाण्याचा फवारा फरसबंदी सोडून थेट तिच्या पाठीवर आला. गाडी थांबली. खिडकीतून एक विस्कटलेलं डोकं बाहेर डोकावलं.

"माफ करा हं… मला वाटलं, झुडूप आहे."

"निळा शर्ट घातलेलं?"

"या गावात कशाचा भरवसा देता येतो?" तो खाली उतरला आणि खांद्यावरचा टॉवेल त्याने पुढे केला. "घ्या. स्वच्छ आहे."

नेदाने टॉवेलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"म्हणजे… सोमवारी होता," तो म्हणाला.

हसायचं नाही असं नेदाने पक्कं ठरवलं होतं. पण केसांतून पाणी निथळत असताना माणसाला फार वेळ फुगून बसता येत नाही. ती हसली, आणि तिथेच घोटाळा झाला.

त्या दिवसापासून दहा वाजण्याकडे तिचे डोळे लागायला लागले. दहा म्हणजे मरेंडा. न्याहारी नव्हे, जेवणही नव्हे. हातातलं काम टाकून चार माणसांनी एका बाकावर बसून अर्धा तास खायचं, त्याचं नाव मरेंडा. पेरिनाच्या खानावळीत पालिकेच्या लोकांसाठी दोन लांब बाकं होती. पाश्को योगायोगाने रोज नेदाच्या शेजारी येऊन बसे. योगायोगावर कुणाचाच विश्वास नव्हता. तो पाव मोडायचा आणि कडेचा कुरकुरीत तुकडा, तिच्याकडे न बघता, तिच्या ताटाशी सरकवायचा. ती, इथल्या रीतीप्रमाणे, त्याच्या वाइनमध्ये पाणी ओतायची.

"बस, बस… वाइनला आंघोळ घालतेस का?"

"तू मला घातलीस तेव्हा विचारलं होतंस?"

"अजून किती दिवस ते काढणार आहेस?"

"टॉवेल धुऊन होईपर्यंत."

टॉवेल तिने केव्हाच धुतला होता. तो तिच्या कपाटात होता, आणि परत द्यायचं तिच्या मनात नव्हतं. पण मनातलं बोलायचं कुणी? नेदाला वाटे, त्याने बोलावं. पाश्कोला काय वाटे ते तो पाव मोडता मोडता गिळून टाके. अर्धा तास असा भुर्रकन उडून जाई… आणि उरलेला दिवस नेदा कण्हेरींशी बोलत बसे.

त्या वर्षी पालिका कर्मचारी संघटनेचा करार संपला. नव्या कराराची बोलणी करायला संघटनेने पाच जणांची समिती नेमली. अध्यक्ष पाणीखात्यातले बार्बा येरे. बार्बा म्हणजे काका, आणि हे तर अख्ख्या गावाचे काका. दोघं कार्यालयातले. पाश्कोला घेतलं कारण त्याचं सगळ्यांशी जमतं, आणि नेदाला घेतलं कारण तिचं कुणाशी भांडण झालं तर ती हरत नाही.

पालिकेने आपल्या बाजूने राजधानीतून, झाग्रेबहून, वकीलबाई आणल्या. तिहाना त्यांचं नाव. उंच, गोऱ्या, गळ्यात राखाडी रेशमी रुमाल. केस असे चापूनचोपून बसवलेले की समुद्रावरच्या वाऱ्यानेही त्यांच्या वाटेला जाऊ नये. नेदाने टेबलाखाली आपली नखं पाहिली. नखांत माती होती.

तिहानाबाईंनी शांतपणे प्रस्ताव वाचला. पगार पंधराऐवजी पाच तारखेला. रविवारच्या जादा कामाला दीडपट मोबदला. बदल्यात एकच गोष्ट: सगळ्यांनी एकदम मरेंड्याला जायचं नाही. दहा वाजले की कार्यालयाच्या खिडकीवर माणूस नसतो, लोक ताटकळतात. तेव्हा गाडीवाल्यांनी नऊला खावं, माळ्यांनी अकराला, कार्यालयातल्यांनी पाळीपाळीने.

नऊ आणि अकरा… नेदाने मनातल्या मनात हिशेब केला. पगार लवकर येणार होता, रविवारचं जास्त मिळणार होतं, आणि पाश्को तिला दिसणार नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "एकट्याने खाणं म्हणजे औषध घेणं. तुम्ही तिकडे झाग्रेबात औषध घेता की जेवता?"

बार्बा येरे खोकले. तिहानाबाईंनी मात्र नेदाकडे नीट पाहिलं आणि हसल्या. शेजारी पाश्कोही हसला. पण त्याचं तोंड वकीलबाईंकडे होतं, आणि ते नेदाला दिसलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाश्को पेरिनाकडे आला नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही. पेरिनाने घेवड्याचं सूप वाढता वाढता विचारलं, "काय गं, तुझा गाडीवाला वाट चुकला की काय?"

"माझा कुठला? पालिकेचा आहे."

"तसं असेल तर ऐक. पालिकेचा गाडीवाला मासळीबाजारामागच्या खानावळीत बसलाय. वकीलबाईंबरोबर."

नेदाने चमचा खाली ठेवला. मग उचलला. सूप संपवलं, पाव संपवला, शेजाऱ्याचा पावही संपवला. तिला कशाचीच चव लागली नाही. मत्सर म्हणतात तो हाच, हे तिला कळत होतं, आणि कळल्यामुळे तो आणखीच टोचत होता. आपण कोण त्याच्या? शब्द नाही, वचन नाही… एक जुना टॉवेल तेवढा.

दुपारी पालिकेच्या जिन्यात तो समोर आला.

"काय खाल्लंस आज?" तिने गोड आवाजात विचारलं. नेदाचा गोड आवाज ज्यांना ठाऊक होता ते अशा वेळी बाजूला होत.

"तारल्या. खारवलेल्या."

"काटे काढून दिलेस बाईंना?"

"तिला जमत नाही गं ते, म्हणून…"

"अरे वा. तिला."

"म्हणजे… त्यांना."

"नको, नको. 'तिला' छान वाटतं कानाला."

"नेदा, तुला वाटतंय तसं काही नाही. मी सांगेन सगळं, फक्त आत्ता…"

"मला कशाला सांगतोस? मी काय तुझा पगार काढते?"

ती तरातरा खाली उतरली. मागून त्याने हाक मारली नाही. मारली असती तर ती थांबली नसती, पण त्याने मारायला हवी होती.

मग दक्षिणेकडून जुगो सुटला. हा वारा वाहायला लागला की भिंती ओलसर होतात, डोकी जड होतात आणि शहाणी माणसं भांडणं पुढच्या आठवड्यावर ढकलतात. नेदा शहाणी राहिली नव्हती. दहाला ती पेरिनाकडे गेलीच नाही. मासळीबाजारामागच्या गल्लीतून, काही काम नसताना, सावकाश चालत गेली. खानावळीच्या काचेवर वाफ धरली होती. आत दोघं. तिहानाबाई हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या, आणि पाश्को बोलत होता, हात हलवून हलवून बोलत होता… नेदासमोर ज्याच्या तोंडून चार वाक्यं सलग निघत नसत, तो. बोलता बोलता त्याने पाव मोडला. कडेचा कुरकुरीत तुकडा बाईंच्या ताटाशी सरकवला.

वाइन दिली असती, तारली दिली असती, तरी नेदाने सोडून दिलं असतं. पण तो तुकडा तिचा होता.

बारा वाजता समिती मतदानाला बसली. कार्यालयातल्या दोघांनी प्रस्ताव मान्य केला. त्यांना पाच तारीख हवी होती. बार्बा येरे विरोधात. पाश्को विरोधात. कुणी नेदाकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी तिच्या मताची खात्री होती.

"मान्य," नेदा म्हणाली.

बार्बांनी चष्मा काढला. "काय म्हणालीस, पोरी?"

"मान्य. वेगवेगळं खाऊ दे सगळ्यांना. एवढं काय अडलंय एकत्र बसायचं? ज्याला ज्याच्याबरोबर बसायचंय तो कुठेतरी जागा शोधतोच."

पाश्कोचा चेहरा पांढरा पडला. ते बघून तिला आनंद झाला, पण दारापर्यंत पोचेतो तो संपला.

बाहेर पायऱ्यांवर तिहानाबाई रुमाल सावरत उभ्या होत्या. वाऱ्याने त्यांचेही केस विस्कटले होते.

"नेदाबाई, मी जिंकले, तेव्हा मला आनंद व्हायला हवा," त्या म्हणाल्या. "पण मला काही कळेना. तुम्ही मान्य कराल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

"का? तुम्ही मला ओळखता?"

"तुम्ही तारलीवर आधी तेल घालता आणि मग कांदा, उलट केलं तर रागावता. घेवड्याच्या सुपात पाव बुडवता आणि बुडाला की चमच्याने शोधत बसता. हसू आवरायचं असलं की खालचा ओठ चावता… अजून सांगू? तुमच्या पाश्कोने तीन दिवस दुसरं काही ऐकवलं नाही मला. खरं सांगायचं तर कंटाळा आला."

नेदा खालचा ओठ चावून उभी राहिली, पण हसू आवरण्यासाठी नाही.

"मी पहिल्या दिवशी धक्क्यावर एकटी सँडविच खात बसले होते," तिहानाबाई म्हणाल्या. "तुमच्या अध्यक्षांनी पाहिलं. त्यांनीच त्याला माझ्याबरोबर धाडलं. एकट्याने खाणाऱ्याला मरेंडा कागदावर कसा समजावणार, म्हणाले. गवगवा नको म्हणून त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. आणि समजलं मला. आज तुम्ही प्रस्ताव नाकाराल असं धरून, खिडकीवर पाळीपाळीने एक माणूस ठेवा, बाकी सगळे दहाला एकत्र खा, असं मी उद्या सुचवणार होते. पण आता तुम्हीच मान्य केलंत. माझ्या पक्षकाराला मी काय सांगू?"

"आज त्याने तुम्हाला पावाची कड दिली," नेदा कशीबशी म्हणाली.

"दिली. 'बघा, ही मी रोज तिला देतो' असं म्हणून. मी चावली. माझा दात दुखतोय अजून."

नेदा मटकन पायरीवर बसली. वेडेपणा आपला, आणि त्यात अख्ख्या पालिकेचा मरेंडा गेला. पेरिनाची बाकं रिकामी दिसायला लागली तिला. नऊला कुणी एक जण, अकराला कुणी एक जण.

ती तशीच बार्बांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि रागावले नाहीत. त्यामुळे तिला जास्तच रडू आलं.

"शुक्रवारी सर्वसाधारण सभा आहे," ते म्हणाले. "समितीतल्या माणसाला तिथे मत मागे घेता येतं. पण नियम असा आहे की कारण सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं. खरं कारण. जमेल?"

"दुसरं एखादं कारण चालणार नाही?"

"चालेल. पण तुझं खोटं या गावात कुणाला पटलंय आजवर?"

शुक्रवारी अग्निशमन दलाचं सभागृह गच्च भरलं होतं. माळी, गाडीवाले, दफनभूमीवरचे, पाणीखात्यातले, खिडकीवरच्या बायका. पाश्को शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. तीन दिवस त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आत्ताही तो बुटांकडे बघत होता. पुढे पाहुण्यांच्या खुर्चीत तिहानाबाई.

नेदा उभी राहिली.

"मी माझं मत मागे घेते," ती म्हणाली. "कारण… कारण ते मत पगारासाठी नव्हतं, रविवारसाठीही नव्हतं. मला राग आला होता. एक माणूस रोज दहाला माझ्या शेजारी बसायचा. तो दुसरीकडे बसायला लागला, आणि मला वाटलं, आपल्याला मिळत नाही तर कुणालाच मिळू नये. मत्सर झाला मला. तुमचा सगळ्यांचा मरेंडा मी त्या मत्सरात फुंकून टाकला. चूक माझी आहे. आणि तो माणूस कोण ते विचारू नका."

"विचारायला हवं कशाला?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि सभागृहात हशा पिकला. सगळ्या माना शेवटच्या रांगेकडे वळल्या. पाश्कोचे कान लाल झाले होते.

बार्बा येऱ्यांनी टेबलावर थाप मारली. "कारण नोंदवून घेऊ ना? मत्सर?"

"नोंदवा," नेदा म्हणाली.

मग हात वर झाले. खिडकीवर पाळीपाळीने एक माणूस, बाकी सगळ्यांचा मरेंडा दहाला, एकत्र, अर्धा तास. तिहानाबाईंनी मान डोलावली. पालिकेला हे चालेल, एवढं त्यांनी येण्याआधीच विचारून ठेवलं होतं. पाच तारीखही राहिली आणि दीडपटही. लोक उठायला लागले.

"अध्यक्ष," मागून आवाज आला. "मला दुरुस्ती सुचवायची आहे."

लोक परत बसले. पाश्को भिंत सोडून पुढे आला, रांगांमधून वाट काढत, नेदापासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

"अर्धा तास मला कमी पडतो."

"पालिका याहून जास्त देणार नाही, बाळ," बार्बा म्हणाले.

"मी पालिकेकडे मागत नाही." पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "हिच्याकडे मागतोय."

ती नेदा होती, आणि समोर पालिकेचं अख्खं मनुष्यबळ बसलं होतं.

"हंगामी मागतोस," तिने विचारलं, "की कायम?"

"कायम."

"जादा कामाचा मोबदला मिळणार नाही."

"नको."

बार्बा येऱ्यांनी घसा साफ केला आणि विषय मताला टाकला. नेदाने हात वर केला.