मालकांचा ड्रम

यात माझ्या पदरचं काही नाही. जे आहे ते मावशीने सांगितलेलं, आणि मावशी थापा मारत नाही. थाप मारायलाही समोरच्याबद्दल थोडी आस्था लागते. मावशीला ती फार कमी लोकांबद्दल आहे.

घटना रात्रीची नाही, हे आधीच सांगतो. भुतं अंधारातच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथूनच परत फिरावं.

रविवार होता. भर दुपार. रस्त्यावर ऊन, रहदारी, टायरच्या दुकानातलं हवा भरायचं मशीन… आणि त्याच दुकानाच्या खाली, तळघरात, मावशीची तालमीची खोली.

मावशी ड्रम वाजवते. नाटकांमागे, जाहिरातींमागे, कुणीही बोलावेल त्याच्यामागे. उरलेल्या वेळात त्या तळघरात शिकवते. भिंतींना जुने गालिचे ठोकलेत. तिथे माणूस शिंकला तरी शिंक जागच्या जागी मरते.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. मुखदुर्बळ माणूस. आयुष्यात त्यांना एकच वेड.

ते गाणं.

एका जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचं गाणं. रेकॉर्डची अख्खी बाजू खाणारं. आधी बराच वेळ कीबोर्डचं धुकं. मग गायक कुठल्याशा बुडालेल्या शहराची हकिगत सांगतो. त्यालाही ती नीट माहीत नसावी. मग सगळे थांबतात आणि एकटा ड्रम सुटतो. सात मात्रांचा ठेका, वाघ मागे लागल्यासारखा. आणि पळता पळता तो एका जागी अडखळतो. जिना उतरताना एक पायरी चुकावी तसा.

क्षणभर काहीच नाही…

मग पुन्हा सुरू.

त्या अडखळण्यावर काकांच्या टोळक्याचा जीव. टोळक्यात एक दाताचा डॉक्टर. दवाखान्यात तो भाग लागला की तो हातातलं यंत्र थांबवून डोळे मिटतो, आणि पेशंट आ वासून तसाच पडून राहतो. दुसरा बँकेतून निवृत्त झालेला मॅनेजर. त्याच्या मते त्या रिकाम्या क्षणात विश्वाचा श्वास ऐकू येतो.

मावशीचं म्हणणं, विश्वाचा श्वास वगैरे काही नाही. काठी सुटली असणार हातातून.

हे लोक जमले की हवेत ड्रम वाजवतात. पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले, डोळे मिटलेले पुरुष, आणि हात हवेत. लयीत एकही नाही. जन्मात काठी धरली नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला सगळे पुढे. मावशी त्यांना हातवारेवाले म्हणते. तोंडावर.

त्या ड्रमरचं नाव ते घेत नाहीत. नुसतं ‘मालक’ म्हणतात. मालकांनी ते गाणं केल्यानंतर वाजवणं सोडून दिलं होतं. कायमचं. कुणाला भेटले नाहीत, कुठे बोलले नाहीत, आणि तसेच वारले. हातवारेवाल्यांच्या मते, असं काही वाजवल्यावर पुढे वाजवण्यासारखं उरतंच काय.

मावशी म्हणायची, “वैतागला असेल बिचारा. तुमच्यासारख्यांना.”

तिला तेव्हा ठाऊक नव्हतं की ती किती बरोबर बोलतेय.

झालं असं, की कुठलासा जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद पडला आणि तिथलं सामान विकायला निघालं. दातवाल्याने त्यातून एक ड्रम मिळवला. मालकांनी त्या गाण्यात वाजवलेला, हाच तो, असं त्याचं ठाम म्हणणं. ब्लँकेटमध्ये गुंडाळून, नुकतं जन्मलेलं पोर आणावं तसा तो तळघरात घेऊन आला. मावशीने तो ठीकठाक करायचा आणि रविवारच्या बैठकीत त्या गाण्यातला तो भाग त्यावर वाजवून दाखवायचा.

मावशीने सरळ नाही म्हटलं असतं. पण काकांनी विचारलं. काका सहसा काही मागत नाहीत.

ड्रम म्हणजे स्नेअर. वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांमध्ये असतो तो, धातूचा, चपटा. त्याच्या खालच्या कातड्याला बारीक तारांची एक पट्टी लागून असते. त्या तारांमुळे त्याचा आवाज कडक येतो. बाजूला एक खटका असतो. तो पाडला की तारा कातड्यापासून सुटतात आणि ड्रम नुसता ‘टम्’ करतो. खोलीत दुसरं काही जोरात वाजलं तर या तारा आपोआप थरथरतात. हे सगळ्या ड्रमरना माहीत असतं. कुणी लक्ष देत नाही.

दातवाल्याने ब्लँकेट उघडलं. हात जोडल्यासारखे केले. म्हणाला, असं ड्रमिंग पृथ्वीवर पुन्हा होणे नाही.

आणि ड्रममधून…

खिस्स.

कुणीतरी दातांमधून हसावं तसं.

तारा थरथरल्या असतील, मावशीला वाटलं. मग सोबत आलेल्या मॅनेजरने विश्वाचा श्वास काढला.

खिस्स…

मग ते जिना, पार्किंग, दातवाल्याची गाडी असं बोलत राहिले. तितक्याच मोठ्याने.

ड्रम गप्प.

मावशीला मनातून हसू आलं. मला सांगताना म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा मला एखादा ड्रम आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच होती. स्क्रू सोडवले, गंज पुसला, वरचं कातडं बदललं. तारा ताणून बसवल्या. मग नेहमीसारखी परीक्षा घ्यायला तिने शेजारच्या मोठ्या ड्रमवर काठी मारली.

तारा हलल्या नाहीत.

पुन्हा मारली. जोरात. तारा थरथरायलाच हव्यात.

काही नाही… जणू त्याला ऐकूच आलं नाही.

मग तिच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. तिने दातवाल्याचा आवाज काढला. “काय वाजवलंय मालकांनी.”

खिस्स…

तिने खटका पाडला. तारा लोंबल्या. तेच वाक्य म्हटलं.

खिस्स…

तिने तारांची पट्टीच सोडवून काढली आणि बाजूला टॉवेलवर ठेवली. आता ड्रम म्हणजे दोन कातडी आणि एक कडं. आत हवा. तिने हळूच, जवळजवळ कुजबुजत, तेच म्हटलं.

टॉवेलवरच्या तारा तशाच पडून होत्या.

रिकाम्या ड्रममधून आवाज आला.

दुसरं कुणी असतं तर जिन्यापर्यंत पोचलं असतं. मावशी तिथेच बसून राहिली. थोड्या वेळाने त्या ड्रमला म्हणाली, “मलाही ते गाणं आवडत नाही.”

शांतता…

मग आतून, कातड्यावर, अगदी हलकेच… टक. टक.

पाठीवर शाबासकी द्यावी तसं.

मावशी सांगते, खरं तर तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण भीती वाटली नाही. बरं वाटलं. एवढ्या वर्षांत कुणीतरी तिच्या बाजूचं भेटलं होतं.

त्या आठवड्यात तिची जीभ सुटली. काकांना ती आधीही टोचायची, पण त्यात गंमत असायची. आता शब्द आयते तोंडात यायचे, धार लावून. काका रेकॉर्ड लावायला उठले की ती म्हणायची, “लावा, तेवढंच जमतं तुम्हाला.” काका रेकॉर्ड परत ठेवायचे. आणि आपण हे का बोललो, हा प्रश्न मावशीला पडायचा नाही.

रविवारी तळघर भरलं. खुर्च्या कमी पडल्या. मावशी ड्रमच्या मागे बसली. तारा तिने परत लावल्याच नव्हत्या. पिशवीत ठेवल्या होत्या. गंमत बघायची होती तिला.

मॅनेजर उभा राहिला, पाल्हाळ लावला. खिस्स… लोकांनी स्पीकरकडे पाहिलं. दातवाला बोलला. खिस्स… कुणीतरी वायर हलवली. मावशी ओठ दाबून बसली होती.

मग काका उठले.

काका कधी बोलत नाहीत. सगळ्यांना नवल वाटलं. मावशीला तर लाज वाटली, आता हे काय दिवे लावणार म्हणून.

काकांनी धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. तो तरुणपणी वारला हे मावशीला माहीत होतं. तेवढंच माहीत होतं. तो कित्येक महिने हॉस्पिटलात होता आणि काका रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसायचे. छोट्या टेपवर ते गाणं लावायचे. पुढे भावाची वाचा गेली. तेव्हा तो काकांच्या मनगटावर बोटांनी तो ठेका वाजवायचा. बोलायचं झालं की ठेका. दुखतंय, ठेका. थांब, जाऊ नकोस… ठेका.

काका म्हणाले, “शेवटच्या दिवशी तो, ठेका अडखळतो तिथपर्यंत आला. आणि मी वाट बघत राहिलो. पुढचं त्याने वाजवलंच नाही. तेव्हापासून ते गाणं मी तिथून पुढे ऐकलेलं नाही. तिथे आलं की बंद करतो.”

खोलीत कुणी हललं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात हे मावशीला कधी कळलं नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं.

आणि तेव्हा…

ड्रम हसला.

खिस्स नाही. हसला. लांबलचक, पोटातून, श्वास घेऊन पुन्हा.

सगळ्यांनी ऐकलं.

आणि सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. ड्रममागे तीच बसली होती. तिचं मत सगळ्यांना माहीत होतं.

काकांनीही तिच्याकडे पाहिलं.

मावशीने घाईघाईने तळहात कातड्यावर दाबला. आवाज बंद करायला, ड्रमर करतात तसा. आणि आतून… तिच्या तळहाताला एक तळहात लागला.

गार. बोटाला बोट जुळवून.

मग ती बोटं चालू लागली. सातचा तो ठेका, तिच्या हातावर, आतून, काडीचाही आवाज न करता. एक मात्रा इकडची तिकडे नाही. मावशी म्हणते, इतकं सुंदर वाजवलेलं मी जन्मात ऐकलं नाही. आणि त्यात इतका तिटकारा होता… गाण्याचा, त्या माणसांचा, समोर उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याचा, माझाही.

हात उचलता येईना.

ठेका त्या अडखळणाऱ्या जागेपाशी आला. थांबला. मावशी वाट बघत राहिली, काका बघत राहिले असतील तशी.

तिच्या तोंडून निघालं, “बास आता.”

ती ड्रमला म्हणाली होती.

काकांनी मान खाली घातली. खुर्चीवरची आपली पिशवी घेतली आणि जिना चढून निघून गेले.

हात सुटला तसा मावशीने पाना घेऊन ड्रमचे स्क्रू भराभर सोडवले. दातवाला ओरडत होता, मालकांची वस्तू आहे, हात लावू नका. तिने कातडं उपटून काढलं. आत काही नव्हतं. फक्त कातड्याच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती. आरशाजवळ तोंड नेल्यावर धरते तशी. बघता बघता तीही विरली.

दातवाला ड्रमचे तुकडे ब्लँकेटमध्ये गोळा करून घेऊन गेला. पुढे त्याने तो जोडून काचेच्या कपाटात ठेवला. त्यानंतर त्यातून कधी आवाज आला नाही, असं तो सांगतो. बैठका मात्र बंद पडल्या. का, ते कुणी सांगत नाही.

मावशी घरी आली. काकांना सगळं सांगितलं. तारा स्वतःच्या पिशवीतून काढून दाखवल्या. ती बोटं लागली तो हात दाखवला. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि “बरं” म्हणाले. विश्वास बसला की नाही, कळायला मार्ग नाही.

मग मावशीने जे कधी केलं नव्हतं ते केलं. म्हणाली, “अहो, लावा ते गाणं. मला ऐकायचंय.”

दोघं शेजारी बसली. धुकं गेलं, बुडालेलं शहर गेलं. ड्रम आला. अडखळायची जागा आली तसे काका उठू लागले. मावशीने त्यांना हाताला धरून बसवलं. गाणं पुढे गेलं. काकांचे डोळे वाहत होते. रेकॉर्ड संपली.

मावशीला सांगावंसं वाटलं. अगदी मनापासून. ती म्हणाली, “चांगलं आहे हो.”

आणि…

खिस्स.

काका दचकून वळले. ड्रम घरात नव्हता. मावशीचं तोंड मिटलेलं होतं, असं मावशी सांगते. काका काही सांगत नाहीत. पण ते वळले ते दाराकडे नाही, रेकॉर्डकडेही नाही.

मावशीकडे.

याला आता बरीच वर्षं झाली. त्या घरात कुणी कशाला चांगलं म्हणत नाही. तुम्ही गेलात तर चहा मिळेल, बोलणं होईल, हवापाण्याच्या गप्पा होतील. चहा छान झालाय, असं म्हणू नका. काका हलकेच पायाला पाय लावतात.

मध्यंतरी मी माझ्या मुलीला दाखवायला घेऊन गेलो. सहा महिन्यांची होती. मावशीने तिला मांडीवर घेतलं. बराच वेळ एकटक बघत राहिली. मुलीने तिचं बोट धरलं, हसली. मावशीचे ओठ हलले…

मग तिने ओठ घट्ट मिटले. इतके की पांढरे पडले. मुलीला माझ्या हातात दिलं आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

परतताना बायको घुश्श्यात होती. म्हणाली, काय बाई तुझी मावशी, लेकरासाठी एक गोड शब्द नाही निघाला तोंडातून.

मी गाडी चालवत राहिलो. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. आरशात दिसत होती, फार गोड दिसत होती.

मी ते बोललो नाही.