भरकटलेल्या गाडीच्या मागं

"हा हात कुणाचा?"

संसदेच्या दारावरचा पहारेकरी असा ओरडला की रांगेतली माणसं मागं सरली. तपासणीच्या पडद्यावर एक हात दिसत होता. पाच बोटं, सगळी पेरं, मनगट... आणि पुढं काहीच नाही.

"माझाय काका," रांगेतला एक उंच पोरगा म्हणाला. "सुटा आणलाय."

त्याच्या मागं उभी असलेली ठिणगी फस्सकन हसली. हसू नये अशा जागी आलेलं हसू दाबलं तरी नाकातून बाहेर पडतंच. पोरीचं खरं नाव वेगळं, पण पॉलिटेक्निकच्या पहिल्याच दिवशी तिनं अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडवला आणि ठिणगी झाली. आता शेवटचं वर्ष होतं, तरी सरसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायचे.

तेवढ्यात तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावरून तिनं बनवलेली छोटी गाडी आली आणि तिनं पुढच्या खोक्याला धडक दिली. खोकं उलटलं, हात बाहेर घरंगळला. ठिणगीनं तो वरच्यावर झेलला. बॅटरी काढलेली होती, पण बोटांना स्प्रिंगा होत्या. बोटं हळूच मिटली. तिच्या हातावर.

"अगं बाई... सोडायला सांग याला!"

"माझं नावही विचारलं नाहीस," पोरगा म्हणाला, "आणि थेट हात धरलास?"

"मी नाही, यानं धरलाय."

"त्याला आवडलं की धरतो तो."

"मालकाचीच सवय दिसते."

"मालकाला कुणी हात दिलाच नाही अजून—नाहीतर कळलं असतं."

त्यानं मनगटाजवळ बोट दाबलं, बोटं उघडली. तिच्या हातावर साधा वळसुद्धा उठला नव्हता. ती उलटसुलट करून बघत राहिली. लोखंडाची बोटं, पण धरताना पिकलेलं फळ धरावं तशी धरलेली! हे याला कसं जमलं असेल?

"चला चला, लग्नाची बोलणी आत जाऊन करा," पहारेकरी म्हणाला.

दोघंही कानापर्यंत लाल झाली.

त्या दिवशी देशभरातल्या कॉलेजांच्या पोरांना आपापली यंत्रं खासदारांना दाखवायला बोलावलं होतं. आतल्या मोठ्या दालनात टेबलं मांडली होती. ठिणगी दालनात शिरली आणि तिथंच थबकली. वर घुमट. एवढा उंच, की बघताना मान दुखावी. त्याच्या काचांतून ऊन खाली येत होतं. येता येता ते इतकं मऊ व्हायचं, की फरशीवर पडल्याचा आवाजही होत नसेल. अशा जागी माणूस आपोआप हळू बोलतो. तिची मैत्रीण चिमणी, जी झोपेतही बडबडते, तीसुद्धा गप्प झाली होती.

"तोंड मीट," शेजारच्या टेबलावरून आवाज आला. "कबूतर शिरेल."

तोच तो! त्याच्या कॉलेजातली पोरं त्याला उंट म्हणत होती आणि ते काही खोटं नव्हतं.

"तू स्वतः वर बघत नाहीयेस का?"

"मी मघाच बघून घेतलं. आता दुसरं बघतोय."

"काय?"

"वर बघणारी माणसं."

ठिणगीनं चिकटपट्टीचा गुंडाळा उचलला आणि खाली बसली, म्हणजे तोंड दिसायला नको. तिचं यंत्र म्हणजे एक बुटकी चौकोनी गाडी. पोटाखाली बारीक डोळे. जमिनीवर काळी पट्टी चिकटवली की गाडी ती पट्टी धरून चालायची आणि पट्टी संपली की थांबायची. वर काठोकाठ भरलेला पेला ठेवा, थेंब सांडला तर नाव बदला.

"कुणासाठी केलीस?" उंटानं विचारलं. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

"आईसाठी. सरकारी दवाखान्यात नर्स आहे ती. वॉर्ड एवढा लांबलचक, आणि या टोकाला पाणी मागितलं की त्या टोकाला गोळी. घरी येते तेव्हा पायांच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या असतात. म्हटलं, निदान पाणी तरी आपलं आपण चालत जाऊ दे."

"वा..."

"वा काय! खासदारांची समिती एकच यंत्र निवडणार आणि वर्षभर दवाखान्यात चालवून बघणार. आमची निवडली नाही, तर सोमवारी उघडायची. आमच्याकडं तसंच असतं. मोटारी, चाकं, सगळं पुढच्या बॅचला जातं."

"आमच्याकडंही तसंच. आजाऱ्याला धरून उठवायला केलेला हा हात सोमवारी आणखी कुणाचा तरी पंखा होईल."

दोघं एकमेकांकडं बघून हसली. हसता हसता दोघांच्याही लक्षात आलं, की यातलं एकच जगणार. हसू आपोआप विरलं.

बोलण्याच्या नादात ठिणगीनं पट्टी चिकटवली. वळण घेऊन, झोकात, पार भिंतीजवळ नेऊन सोडली. मधूनमधून ती वर घुमटाकडं बघत होती आणि मधूनमधून, कबूल करत नव्हती तरी, शेजारच्या टेबलाकडं. खाली बघायचं तेवढं राहिलं.

समिती आली. पुढं एक म्हाताऱ्या बाई, हातात काठी, चष्म्याआडचे डोळे धारदार. त्या समितीच्या प्रमुख. मागं आठदहा खासदार. ठिणगीनं पेला काठोकाठ भरला, गाडीवर ठेवला आणि कळ दाबली.

गाडी निघाली. वळली. पेल्यातलं पाणी आरशासारखं. कुणीतरी "अरे वा" म्हणालं. पट्टी संपली... आणि गाडी थांबली नाही.

कारण भिंतीच्या कडेनं दालनाच्या फरशीत काळ्या दगडाची पट्टी बसवलेली होती. चांगली गुळगुळीत, चकचकीत, ठिणगीच्या पट्टीपासून हातभर अंतरावर. गाडी जरा पुढं घरंगळली आणि तिच्या डोळ्यांना काळं दिसलं. तिला काय ठाऊक, कुठली पट्टी ठिणगीची आणि कुठली देशाची! तिनं नवी पट्टी धरली आणि भिंतीच्या कडेनं चालू लागली.

"ठिणगेऽ!" सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पेल्यातलं मात्र जागचं हललं नाही.

ठिणगी धावली. गाडी कोपऱ्यावर वळून दालनाबाहेरच्या लांब वाटेला लागली होती. तिथं दारावर दोन माणसं उभी होती, गणवेशात, ताठ. त्यांना वाटलं हे कार्यक्रमातलंच आहे. ती अदबीनं बाजूला झाली. एकानं तर सलाम ठोकला.

मागून पावलांचा आवाज आला. बघते तर उंट, लांब लांब ढांगा टाकत.

"तू कशाला आलास? आता तुझी पाळी आहे!"

"माहीत आहे."

"मग जा ना!"

"तू एकटी पळताना बघवेना... ए, धरू नकोस! गाडी धरू नकोस! पाणी बघ."

तिचा हात कळेजवळ गेला होता. तो तिथंच थांबला. पेल्यात पाणी काठाला टेकलेलं होतं, आणि थेंब नाही. एक थेंब नाही. गाडी उतारावर गेली, सांध्यावरून गेली, आणि पाणी आपलं शांत.

"जाऊ दे तिला," तो हळूच म्हणाला. "कुठं जाते ते तरी बघू."

मग ती दोघं पळायची थांबली आणि गाडीच्या दोन बाजूंनी चालू लागली. लहान पोराला पहिल्यांदा चालताना बघावं तशी. मागं काठीची टकटक, खासदारांचे बूट, चिमणीची "अगं, अगं." समोर एक भलंमोठं दार सताड उघडं होतं. गाडी सरळ आत गेली.

आणि सगळे आवाज बंद झाले.

ते सभागृह होतं. रिकामं. अर्धगोलात बाकांच्या रांगांवर रांगा, खाली उतरत गेलेल्या, आणि मधे एकच उंच आसन. इथं बोललेला शब्द कायदा होतो आणि घरोघरी जातो. जिथं इतका आवाज होतो तिथली शांतता वेगळीच असते. ती कानाला नाही, छातीला ऐकू येते. ठिणगीला वाटलं, आपण श्वास घेतला तर तोही कुणीतरी नोंदवून ठेवील. तिनं शेजारी बघितलं. उंटाचे ओठ विलगलेले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

"तोंड मीट," ती पुटपुटली.

त्यानं मिटलं नाही. तिच्याकडं बघितलं, आणि तसाच बघत राहिला. खरं नवल बघायचं राहिलंच होतं, असं.

बाकांच्या मधल्या उतारावरून गाडी खाली गेली. आसनासमोर काळा दगड संपत होता, तिथं थांबली. पाणी सांडलं नव्हतं.

समितीच्या बाई काठी टेकत टेकत खाली आल्या. दम लागला होता. त्यांनी पेला उचलला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्याल्या.

"आयुष्य गेलं माझं इथं," त्या म्हणाल्या. "पाणी मागितलं की यायचं. ते आणणारा किती चालतो, ते आज चालले तेव्हा कळलं."

सर ठिणगीच्या कानाशी आले. "झालं आपलं! आता फक्त गप्प उभी राहा."

गप्प राहिली असती तर ठिणगी कसली?

"बाई, एक यंत्र बघायचं राहिलंय," ती म्हणाली. "हा माझ्या मागं पळाला म्हणून याची पाळी गेली. ते बघा आणि मग ठरवा."

"वेड लागलंय का तुला!" चिमणीनं तिला चिमटा काढला.

"अगं, सभा भरायची वेळ झाली पोरी," बाई म्हणाल्या.

"नुसता हात तर धरायचाय बाई. त्याला कितीसा वेळ लागतो?"

हात आणला. उंटानं बॅटरी जोडली. बाईंचे हात म्हातारपणानं पातळ झालेले, जरा कुठं लागलं की काळंनिळं पडणारे. पुढच्या बाकावर बसून त्यांनी भीतभीतच आपला हात पुढं केला. लोखंडाची बोटं सावकाश मिटली, जरा थांबली, अंदाज घेतला आणि तेवढ्यावरच राहिली. बाई उठायला लागल्या तसा, उंटानं मनगटाशी धरलेला तो हात आधार देत वर आला. काठीशिवाय उभ्या राहिल्या त्या. बाईंनी तो हात लगेच सोडलाही नाही.

मग बाजूला समितीची कुजबुज झाली आणि बाई ठिणगीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, तुझ्या गाडीनं पाणी सांडलं नाही, खरं. पण जायचं तिथं ती गेली नाही. वॉर्डात अशी भरकटली तर आजारी माणूस वाट बघत राहील." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "यंत्र याचं घेतोय आम्ही. माणूस म्हणशील तर तुझ्याएवढं कुणी आलं नव्हतं इथं."

ठिणगीनं मान हलवली. बाईंचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त लागलं.

फाटकाशी उंट धावत आला.

"ठिणगी... सोमवारी खरंच उघडणार गाडी?"

"नियम आहे."

"तू गप्प राहिली असतीस, तर—"

"तू टेबलाजवळ राहिला असतास, तर?" ती हसली. "जा. अभिनंदन." आणि बसमध्ये चढली. खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर बघितलं नाही. बघितलं असतं तर रडली असती, आणि चिमणीनं ते गावभर केलं असतं.

सोमवार उजाडला. कॉलेजच्या मागं सायकलींची जुनी शेड आहे, तीच यांची कार्यशाळा. ठिणगीनं गाडी उलटी ठेवली, चारी चाकं वर. सर म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगू का?" ती म्हणाली, "नको. मी बांधली, मीच सोडवीन." पाना घेतला. पहिलं चाक सुटून हातात आलं, तेव्हा मात्र ती तशीच बसून राहिली.

"थांब!"

दारात उंट. धापा टाकतोय, शर्ट चुरगळलेला, डोक्याला वरची चौकट लागली म्हणून कपाळ चोळतोय.

"तू इथं?"

"समितीच्या बाईंनी विचारलं, हा हात एका पलंगापासून दुसऱ्या पलंगापर्यंत जाणार कसा? मी म्हटलं, ओळखीत पाय आहेत."

"माझ्या गाडीला पाय म्हणालास?"

"बाई म्हणाल्या, विचारून ये. तर मी... मागणी घालायला आलोय."

शेडमधली पोरं काम थांबवून बघायला लागली. सरांनी चष्मा पुसायला घेतला.

"कुणाला?" ठिणगीनं विचारलं.

"आत्ता... गाडीला."

"आणि नंतर?"

उंट कानामागं खाजवायला लागला. "नंतरचं तुझ्या आईला भेटून... म्हणजे त्यांचे पाय बरे झाले की..."

"गाडी भरकटते माझी. अख्ख्या देशासमोर भरकटली."

"तिला पट्ट्या ओळखायला शिकवू. दोघं मिळून. आणि खरं सांगू?" त्याचा आवाज खाली आला. "भरकटली म्हणतात ते लोक. मला तर बरोबर जागी नेलं तिनं."

ठिणगीनं हातातल्या चाकाकडं बघितलं. मग त्याच्याकडं. डोळे भरून आले होते, पण ते पुसायला हात मोकळा कुठं होता?

"त्या दिवशी मी गाडी थांबवायला धावले," ती म्हणाली. "आणि तू शेजारी आलास ना... तेव्हा मनात आलं, आता ही थांबूच नये."

बाहेर कुणाची तरी सायकल पडली, कुणी उचलायला गेलं नाही.

"बस इथं," ठिणगी म्हणाली. "हे चाक धर. सरळ धर. मी बोल्ट लावते."

तो मांडी घालून बसला. त्यानं चाक धरलं, तिनं पाना फिरवला. एक चाक बसवायला असा किती वेळ लागतो? जाणकार माणूस बोलता बोलता बसवतो. या दोघांना अख्खी दुपार लागली, आणि तरी सर एका शब्दानं काही बोलले नाहीत.