गाभ्यापर्यंत गोड

गोळी आज घशाखाली उतरलीच नाही. पेला ओठांशी नेणार तोच पोटातल्या बाळानं अशी लाथ मारली, की सुनेचा हात हलला, पाणी सांडलं आणि ती लाल गोळी जिभेवरच विरघळू लागली... वरची साखर गेली की लोखंडाची तुरट चव यायला हवी होती. पण गोळी संपली तरी तोंड गोडच. गाभ्यापर्यंत नुसती साखर!

ही साखर तिच्या चांगलीच ओळखीची होती. घरामागच्या कारखान्यात फिरत्या कढईत साखरगोळ्या घोळवण्यात सासूबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि दवाखान्यातून मिळणारी लोहाच्या गोळ्यांची बाटली सुरुवातीपासून त्यांच्याच ताब्यात होती. आता सातवा महिना सरत आला होता. जिना चढताना डोळ्यांपुढे येणारी अंधारी, पांढरीफटक नखं... सगळ्याचा उलगडा झाला आणि ती सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"का, आई?"

सासूबाईंची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. त्यांची लेक... बाळंतपणात बाळासकट गेलेली. "तिलाही दवाखान्यानं ह्याच लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या," त्या पुटपुटल्या. "त्यानंच मूल मोठं झालं, अडलं. तुला नाही गं जाऊ देणार मी."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रक्त तपासलं आणि नर्सबाईंचा चेहरा उतरला. अंगात रक्तच नाही, बाळंतपणात थोडं जास्त गेलं तरी निभावणं कठीण, बाळाचं वजनही भरत नाहीये, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या घेत नव्हतीस का, नवऱ्यानं विचारलं. सासूबाई दाराशी थिजून उभ्या होत्या. लेक गेलेली ही बाई आता मुलगाही गमावून बसेल, ह्या विचारानं सुनेचा जीव गलबलला आणि तिनं दोष आपल्या पदरात घेतला.

"मीच टाकून देत होते. मळमळायचं."

नवऱ्यानं बोलणंच टाकलं. पोटच्या पोरावर उठलीस, एवढंच म्हणाला. नव्या बाटलीतली खरी गोळी ती रोज स्वतः घेई आणि भिंतीकडे तोंड करून रडून घेई.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी लेकीची ट्रंक उघडली. येणाऱ्या बाळासाठी जुनी दुपटी काढायची होती. दुपट्यांच्या तळाशी, टोपड्यात गुंडाळलेल्या तीन बाटल्या हाती लागल्या. लाल गोळ्यांनी भरलेल्या. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं! गोळी घेतली की मळमळतं, अशी लेकीची कुरकुर होती खरी... पण तिनं एकही घेतली नव्हती! लेकीच्या अंगाखालचं ते शेवटपर्यंत न थांबलेलं रक्त त्यांना आठवलं आणि त्यांनी तिन्ही बाटल्या पदरात घेतल्या.

संध्याकाळी त्यांनी बाटल्या मुलापुढे ठेवल्या. "हिनं काही टाकलं नाही. गोळ्या मी बदलल्या. ज्यानं तुझी बहीण वाचली असती, त्यालाच मी विष समजले रे!"

मग नवरा उठला, बायकोसमोर येऊन उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करायचं ठरलं. उरलेल्या दोन महिन्यांत अंगात पुरेसं रक्त भरेल का, ह्याचं उत्तर नर्सबाईंनीही दिलं नव्हतं. रात्री जेवणानंतर सासूबाई दवाखान्याची बाटली घेऊन आल्या.

सुनेनं गोळी मुद्दाम जिभेवर धरली. साखर विरघळली, लोखंडाची ती तुरट चव तोंडभर पसरली, तेव्हाच ती पाणी प्यायली.

"खरी आहे, आई," ती म्हणाली. "आता झोपा तुम्ही."