पातळी शून्य

भाचीला नोकरी लागून जेमतेम नऊ दिवस झाले होते, आणि नवव्या दिवशी ती ऑफिसात रडून आली होती. कारण ऐकून तिचा धाकटा भाऊ ठसका लागेपर्यंत हसला. तिनं पहिल्यांदाच एकटीनं डेटाबेसच्या सर्व्हरला जोडणी केली, तर पडद्यावर दोन ओळी उमटल्या. ‘डेटाबेस बदलला.’ ‘भाषा बदलली.’

“मी कशाला हातसुद्धा लावला नव्हता हो मामा!”

दिवे गेले होते म्हणून तिघं गॅलरीत बसली होती. मामांनी एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत संगणकांचं खातं सांभाळलेलं. ऑफिसातही सगळे त्यांना मामाच म्हणत.

“अगं वेडे, त्या चुका नाहीत. मोठ्या कचेरीत शिरलं की दारावरचा शिपाई सांगतो ना, तुमचं काम त्या खोलीत, आणि आत मराठी चालेल? तेवढंच. दर जोडणीला सर्व्हर हे सांगतोच. निरोपाला पातळी असते. चूक जितकी मोठी, तितकी पातळी वर. ह्यांची शून्य. वाचायचं आणि पुढं जायचं.”

“म्हणजे ताई शून्याला घाबरली!” भाचा म्हणाला.

मामा हसले नाहीत.  म्हणाले, “मीही हसलो होतो. अशाच एकीला.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

सतरा फेब्रुवारी, मंगळवार. रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं, म्हणजे खरं तर बुधवार लागला होता. मामांच्या हाताखाली एक मुलगी होती. कामाला वाघ, पण ऑफिसानं तिचं नाव ठेवलं होतं शंकाबाई. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी. आई झाल्यावर तर विचारूच नका. पोर झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून त्याला हलवून बघायची, आणि ते जागं झालं की झोपत नाही म्हणून रडायची. हे सगळं हसत हसत तीच सांगायची.

त्या रात्री ती घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. काम साधंच होतं. दाखले छापणारा नवा प्रोग्रॅम त्याच आठवड्यात बसवला होता, आणि तो शिकाऊ पोरासारखा भित्रा निघाला. सर्व्हरनं काहीही म्हटलं की ती चूक समजून थांबायचा. डेटाबेसला तिथं नोंदवही म्हणत. ‘नोंदवही बदलली: जन्म. भाषा बदलली: मराठी.’ झालं, गडी ठप्प. प्रसूतिगृहात अकरा बाळांचे दाखले अडकले होते आणि सकाळी त्यांच्या आया घरी जायच्या होत्या. ह्या दोन निरोपांना भिऊ नकोस, एवढंच त्याला शिकवायचं होतं.

आतल्या खोलीत तिचं आठ महिन्यांचं बाळ सासूबाईंजवळ झोपलं होतं. संध्याकाळपासून अंगात ताप. नवरा कामासाठी परगावी. डॉक्टर म्हणाले होते, साधा ताप आहे, दोन वाजता औषधाचा डोस द्या, सकाळी बघू.

पावणेदोनपर्यंत काम संपलं. प्रसूतिगृहातल्या नर्सचा फोन आला. “अकराच्या अकरा आले बरं का ताई! आता झोपा.”

दुसरी कुणी असती तर लॅपटॉप मिटून उठली असती. पण ही शंकाबाई. जाता जाता कुलूप ओढून बघावं तशी तिनं आणखी एकदा जोडणी केली.

‘नोंदवही बदलली: मृत्यू.’

तिला वाटलं, झोपेत आपणच काहीतरी चुकीचं टाइप केलं. बंद केलं. पुन्हा जोडलं.

‘नोंदवही बदलली: मृत्यू.’

मृत्यूच्या नोंदवहीत शिरायची तिला परवानगीच नव्हती. ते काम दुसऱ्यांचं. तिनं पाऊल टाकलं तरी सर्व्हरनं ‘प्रवेश नाही’ म्हणून हाकलायला हवं होतं. ती असती चूक. चांगली चौदा पातळीची. इथं तर शिपाई अदबीनं दार उघडून उभा होता.

खाली दुसरी ओळ आली.

‘भाषा बदलली:’

पुढं काहीच नाही. कोरं.

तिनं मामांना फोन लावला. मामा झोपेतून उठले, ऐकून घेतलं, आणि जांभई देत म्हणाले, “अगं, पातळी किती?”

“शून्य.”

“मग? शिपाई ‘साहेब आत आहेत’ म्हणाला तर तू पोलिसांना बोलावतेस का? माहिती आहे ती. नव्या प्रोग्रॅमनं कुठंतरी गोंधळ घातला असेल. सकाळी बघू. झोप, शंकाबाई.”

सकाळी बघू. त्या रात्री तिला हे दुसऱ्यांदा ऐकावं लागलं.

दोन वाजता तिनं बाळाला औषध दिलं. अंग निखाऱ्यासारखं. परत येऊन बघते तो पडद्यावर तिसरी ओळ.

‘१ ओळ नोंदली गेली.’

तिनं काहीच नोंदलं नव्हतं. वहीतली एक ओळ म्हणजे एक माणूस. कोणाची ओळ? तिनं ती वाचायला मागितली. ‘प्रवेश नाही.’ आता मात्र परवानगी हवी होती! तिनं ती मागं घ्यायचा प्रयत्न केला. ‘मागं घेण्यासारखं काही नाही.’ मशीन सगळं खरंच सांगत होतं. आवाज न चढवता.

सासूबाई उठून आल्या. “मेलं ते यंत्र बंद कर आधी! पोर तापलंय आणि ही काय पडद्याला चिकटून बसलीय.”

“आई, ह्यात कोणाची तरी नोंद झालीय.”

“कोणाची?”

ती आतल्या खोलीत गेली. तिनं बाळाला उचललं आणि सासूबाईंच्या हातात दिलंच नाही.

डॉक्टरांना फोन केला. एकशे एक? मग घाबरायचं काही नाही, ते म्हणाले. सगळे तेच म्हणत होते, आणि सगळे बरोबरच होते.

तीन वाजून वीस मिनिटांनी मामांचा फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी तिचा आवाज अगदी शांत होता.

“मामा, चूक असती तर मी दुरुस्त केली असती हो. मला येतं ते. पण ही माहिती आहे. माहितीचं काय करायचं असतं?”

 इतक्या वर्षांत हा प्रश्न मामांना कुणी विचारला नव्हता. “मी निघतो,” एवढंच म्हणाले आणि बूट शोधू लागले.

ती टेबलाशी बसून राहिली. बाळ छातीशी. सासूबाई समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगल्या होत्या. घड्याळाचा काटा. फ्रिजची घरघर. ती श्वास मोजत होती. वर. खाली. वर. खाली.

फ्रिज थांबला.

वर… खाली…

वर…

तिनं वाट पाहिली.

“बाळा…”

काही नाही.

तिनं त्याला हलवलं. मान सैल लवंडली. तिला ओरडायचं होतं. तोंड उघडलं. शब्दच नव्हते. एकही. आई, सोन्या, वाचवा… काहीच आठवेना. जणू कुणी सगळी भाषा पुसून नेली होती… कोरी…

किती वेळ? तिला सांगता येत नाही.

मग पडद्यावर उजेड हलला. हे निरोप जोडणी केल्यावरच येतात. कुणीही जोडणी केली नव्हती.

‘नोंदवही बदलली: जन्म.’

‘भाषा बदलली: मराठी.’

आणि बाळ रडलं. दोन्ही मुठी आवळून, तोंड लालबुंद करून, इतक्या जोरात की सासूबाई खुर्चीतून दचकून उठल्या. “अगंबाई, काय झालं?”

मामा पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. ताप पार उतरला होता. बाळ आईकडे टक लावून बघत होतं. ती मात्र त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मामांना आवडली नाही.

“वाचलं ना पोर?” भाचीनं गॅलरीतल्या अंधारात विचारलं.

“ठणठणीत आहे. चार वर्षांचं झालं. दंगेखोर.”

“मग मृत्यूच्या वहीत कोणाची ओळ होती?”

“सकाळी मी स्वतः उघडून बघितलं. परवानगी होती मला. ओळ नव्हती. तिचा क्रमांक मात्र खर्च झालेला. आधीची होती, नंतरची होती, मधला आकडा नाही.” मामा पुढं झुकले. “तेवढ्यात नर्सचा फोन आला. म्हणाली, अहो, दाखले अकरा सांगितले होते ना? इथं छपाई यंत्रात बारा आहेत.”

“मग बारावा कोणाचा?” भाच्यानं विचारलं.

“बारावा तिच्या बाळाचा होता. आईचं नाव तिचं, बापाचं नाव बरोबर, पत्ता तिच्या घराचा. जन्माची वेळ अठरा फेब्रुवारी, पहाटे तीन बावन्न. आता एका मुलाचे दोन जन्मदाखले चालत नाहीत, नियमच आहे. एक रद्द करावा लागतो, आणि कुठला तो आईनं सही करून सांगायचं. मी तिच्यापुढं दोन्ही ठेवले. ती बघत राहिली. म्हणाली, मामा, माझ्या हातात ह्यातलं कुठलं बाळ आहे, ते तुम्ही सांगा… मग सही करते.”

“मग?”

“काय सांगणार? अजून दोन्ही तसेच आहेत.”

 दिवे अजून आले नव्हते.

“कुणीतरी गंमत केली असेल मामा,” भाची शेवटी म्हणाली. “तुमच्यापैकीच कुणीतरी तो दाखला भरला असेल.”

“मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून मी तो कागद रकाना रकाना करून वाचला. सगळं जागच्या जागी होतं. फक्त जन्मवेळच्या वजनाच्या रकान्यात… आठ किलो दोनशे.”