पुंजक्यांची थरथर

सहा काचेच्या भांड्यांत नदीचं गढूळ पाणी पात्यांनी सावकाश ढवळलं जात होतं. शकील मुलाणीने प्रत्येकात तुरटीचं द्रावण कमीजास्त मापाने सोडलं आणि अरुंधती काही विचारणार एवढ्यात ओठांवर बोट ठेवलं. पाती थांबल्यावरच तो बोलला.

"माफ करा हं ताई. तुमच्या वडिलांनीच लावलेली सवय. चाचणी चालू असताना कुणी नुसतं शिंकलं तरी घोलपसाहेब बाहेर काढायचे."

"आम्हाला घरी न शिंकताही काढायचे," अरुंधती म्हणाली.

अण्णांना जाऊन चार महिने झाले होते. टेकडीवरच्या या जलशुद्धीकरण केंद्रात सव्वीस वर्षं ते रसायनतज्ज्ञ होते. त्यांचे फोटो घरात होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. रेकॉर्ड करायला त्यांनी कधी दिलाच नाही. अलीकडे तो तिच्या कानांतूनही निसटायला लागला होता. ध्वनिशास्त्राची प्राध्यापक असूनही तिला तो धरून ठेवता येईना, म्हणून ती इथे आली होती.

"पण पाण्यात आवाज सापडणार कसा?" शकीलने विचारलं.

"तुरटी पडली की मातीचे कण चिकटून पुंजके होतात ना?"

"होतात. जड झाले की तळाशी बसतात, उरलेले पुढे वाळूच्या थरात अडकतात. ते कसे जुळतायत हे बघायलाच हा पुंजवेधी कॅमेरा. सेकंदाला चार हजार चित्रं. साहेब होते तेव्हाच बसवला, पाच वर्षांपूर्वी."

"नुकता जुळलेला पुंजका फार नाजूक असतो. खोलीत कुणी बोललं की काच हलते, पाणी हलतं, पुंजका थरथरतो. आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. माझी ध्वनिउकल प्रणाली ती थरथर मोजते आणि तिच्यावरून मूळ आवाज परत मांडते."

शकील भांड्याकडे बघत राहिला. "साहेब म्हणायचे, बोललं की पुंजके फुटतात. आम्ही मागे हसायचो."

"मोठा आवाज असेल तर खरंच फुटतात."

तिने अण्णांच्या 'उत्तम' शेरा मिळालेल्या चाचण्या निवडल्या. सर्वांत स्पष्ट चित्रं त्यांचीच होती. दोन तास उकल चालली. पंपाची घरघर आली, खिडकीवरच्या कबुतराची फडफड आली. माणूस एकही नाही.

"मीच गाढव," ती अखेर म्हणाली. "चाचणी चांगली झाली म्हणजेच कुणी बोललं नाही. फसलेल्या चाचण्या ठेवता का?"

"ठेवाव्याच लागतात. पण साहेबांच्या फार नसणार." त्याने यादी काढली. "पाच वर्षांत एकतीस. सगळ्या साडेअकराच्या सुमाराच्या. कमाल आहे!"

पहिली उघडली. बराच वेळ घरघर, आणि मग, गोधडीआडून यावा तसा, पण त्यांचाच:

"बोल."

अरुंधतीने टेबलाची कड धरली.

"हं," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने, "जेवलीस का?"

"फोनवर आहेत," शकील पुटपुटला. "पण साहेब चाचणीत फोन घेत नसत, ताई. पाती फिरत असताना जागा सोडायची नाही, आणि बोलायचं तर नाहीच. मोठ्या साहेबांचा फोनसुद्धा वाजून वाजून बंद पडायचा."

अरुंधतीने स्वतःच्या फोनमधली जुन्या कॉलची यादी उघडली. दोन तासिकांच्या मध्ये, साडेअकराला ती कधीतरी फोन करायची. ते दोन शब्द बोलत. त्यांना आवडत नसावं असं ठरवून शेवटच्या वर्षी तिने करणंच सोडलं होतं. ती एकेक तारीख ताडून पाहू लागली. शकीलही ताडत होता.

एकतीसच्या एकतीस.

"पुन्हा सहा भांडी धुवायची, पुन्हा पाऊण तास..." एवढं बोलून शकील थांबला.

उकल पुढे चालूच होती. "मग?" अण्णांनी विचारलं, आणि ते ऐकत राहिले. फोन त्यांच्या कानाशी होता. पलीकडचा आवाज काचेपर्यंत पोचलाच नव्हता. अरुंधती स्पीकरवर वाकली. आपण तेव्हा काय सांगत होतो, हे आठवायचा तिने खूप प्रयत्न केला. आठवेना. नुसती घरघर.

मग अण्णा मोठ्याने हसले, आणि पडद्यावरचे सगळे पुंजके एकदम फुटले.